रोजचा ताण आणि त्याचा उतारा



आजचा विषय कोणालाच नवा नाही. सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ लागेपर्यंत ज्याची सोबत सुटत नाही, त्या रोजच्या ताणाविषयी चार गोष्टी मला तुमच्याशी बोलायच्या आहेत. मी डॉक्टर नव्हे. पनवेल तालुक्यातल्या प्राथमिक शाळांतून छत्तीस वर्षे मुलांना शिकवून निवृत्त झालेली एक शिक्षिका आहे. तेव्हा थोडे वाचलेले, थोडे डॉक्टरांना विचारून घेतलेले आणि बरेचसे स्वतःच्या चुकांतून शिकलेले असे आजचे हे बोलणे आहे.

‘ताण’ हा शब्द आपल्या आजीच्या तोंडी या अर्थाने नव्हता. ती म्हणे, जिवाला घोर लागला. ती म्हणे, जीव टांगणीला लागला. नावे वेगळी, पण वस्तू तीच. ताण हा मूळचा दोरीचा शब्द. सुंभाची बाज विणणाऱ्याला विचारा. दोरी मुळीच ताणली नाही तर बाजेला झोळ पडतो आणि निजणाऱ्याची कंबर धरते. अतोनात ताणली तर ती तुटते. म्हणजे ताण मुळातच वाईट नव्हे. परीक्षा जवळ आली की मूल पुस्तक हातात घेते, आभाळ भरून आले की शेतकरी लावणीची घाई करतो, ते थोड्याशा ताणामुळेच. तक्रार ताणाविषयी नाही, न सुटणाऱ्या ताणाविषयी आहे.

आता पनवेलच्या बाईंनी हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. आमच्या तालुक्याने एका आयुष्यात जितके बदल पाहिले तितके फार थोड्या तालुक्यांनी पाहिले असतील. भाताची शेते, मिठागरे आणि खाडीची मासळी यांवर जगणारा हा मुलूख. १९७० मध्ये सिडको स्थापन झाले, नवी मुंबई वसवायचे ठरले, आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतल्या ९५ गावांच्या जमिनी त्या कामी आल्या. २०१६ मध्ये पनवेलला महानगरपालिका झाली. विमानतळासाठी उलवे, चिंचपाडा, कोपर, कोल्ही, गणेशपुरी अशी दहा गावे हलली. उलव्याचा डोंगर आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो, तो कापून सपाट झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथून विमाने उडू लागली. कोणाला पैसा मिळाला, कोणाला नोकरी मिळाली, कोणाचे काही गेले. पण बदल सगळ्यांच्या वाट्याला आला.

आणि बदल म्हटला की ताण आलाच, मग तो बदल चांगला का असेना. १९६७ साली अमेरिकेत होम्स आणि राहे या दोघा संशोधकांनी माणसाच्या आयुष्यातल्या ४३ घटनांची एक यादी केली आणि कोणती घटना माणसाला किती जड जाते याचे ढोबळ गुण मांडले. पती किंवा पत्नीच्या मृत्यूला १०० गुण. त्यात नवल नाही. पण त्याच यादीत लग्नाला ५० गुण आहेत! राहते घर बदलणे, मुलगा-मुलगी घर सोडून जाणे, हेही यादीत आहे. तेव्हा नव्या घरात राहायला गेलेल्या म्हातारीला कोणी म्हणू लागले की, ‘आता तर संडास घरात आहे, नळाला पाणी आहे, मग हिला झाले तरी काय?’ तर त्याला ही यादी दाखवावी. तिचा ओटा गेला आहे. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी होणारे बोलणे गेले आहे. ते नळाच्या पाण्याने भरून निघत नाही.

आता मी माझीच एक गोष्ट सांगते. सांगायला सुखाची नाही, पण त्यावाचून माझे म्हणणे पुरते कळायचे नाही.

विमानतळासाठी गावे हलत होती त्या काळातली ही गोष्ट. माझ्या वर्गात चौथीत एक मुलगा होता. त्याचे नाव सांगत नाही. एके दिवशी सकाळी शाळेत पाऊल टाकते न टाकते तोच मला फोन आला. कसलीशी माहिती संगणकात भरायची राहिली होती. फोनवरच्या गृहस्थांनी माझे काही ऐकूनच घेतले नाही. ‘एवढेही कळत नाही का तुम्हाला?’ असे म्हणून फोन ठेवला. घरी सासूबाई आजारी होत्या. रात्री तीनदा उठावे लागले होते. मी वर्गात गेले. पाहते तर हा मुलगा बाकावर डोके टेकून झोपलेला, समोर वही नाही. मी टेबलावर पट्टी आपटून ओरडले, ‘डोकं आहे का खोकं?’ वर्ग हसला. मुलगा दचकून उठला आणि खाली मान घालून उभा राहिला.

दुपारी खिचडीच्या वेळी त्याची धाकटी बहीण, पहिलीतली, ताटली घेऊन येताना अडखळली आणि खिचडी सांडली. हा मुलगा धावत गेला आणि तिच्यावर खेकसला, ‘तुझं डोकं हाय का खोकं?’ शब्द माझे, आवाजही माझाच. पोरगी रडू लागली आणि मी पाहत राहिले. फोनवरचा ताण माझ्याकडे आला, माझा त्याच्याकडे गेला, त्याचा त्या सहा वर्षांच्या मुलीकडे. तिच्याखाली आता कोणी नव्हते. फार तर एखादे मांजर असेल.

संध्याकाळी त्याची आजी शाळेच्या दाराशी भेटली. म्हणाली, ‘बाई, दोन राती पोरगा निजलाच नाय. घर उचलायचं चाललंय ना.’ मी सकाळी एक प्रश्न विचारला असता तर हेच मला तेव्हा कळले असते. पण मी विचारला नव्हता.

श्रोतेहो, त्या दिवशी मला जे कळले ते असे. ताण पाण्यासारखा उताराने वाहतो. वरच्याकडून खालच्याकडे, मोठ्याकडून लहानाकडे, बोलू शकणाऱ्याकडून न बोलू शकणाऱ्याकडे. साहेबाकडून कारकुनाकडे, कारकुनाकडून घरच्या बाईकडे, बाईकडून मुलाकडे. ज्याला स्वतःचा ताण ओळखता येत नाही, तो आपल्याही नकळत तो दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून मोकळा होतो. म्हणून आपला ताण ओळखणे ही नुसती स्वतःच्या तब्येतीची गोष्ट नाही. घरातल्या आणि वर्गातल्या लहानांचे आपण जे देणे लागतो, त्यातलाच तो एक भाग आहे.

मग तो ओळखायचा कसा? त्यासाठी आधी तो शरीरात काय करतो ते पाहू.

समजा, तुम्ही बांधावरून चालला आहात आणि पायाशी साप दिसला. विचार करायच्या आधीच तुम्ही मागे उडी मारता. छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, तळव्यांना घाम येतो. आपल्या दोन मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी बसलेल्या असतात. मेंदूचा इशारा मिळताच त्या अॅड्रिनलीन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. त्याने हृदय जोरात चालते, हातापायांच्या स्नायूंकडे जास्त रक्त जाते, पचनाचे काम तेवढ्यापुरते मंदावते. लढ, नाहीतर पळ, यासाठी शरीर तयार होते. अमेरिकेतले शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे उलगडून दाखवले. साप निघून गेला, आपण चार पावले पळालो, की सगळे पुन्हा जागेवर येते.

पण साहेबांचा फोन हा साप नव्हे. त्याच्याशी लढता येत नाही, त्याच्यापासून पळताही येत नाही. बँकेचा हप्ता, मुलीचे लग्न, कोर्टातली तारीख, पनवेलहून मुंबईला जाणाऱ्या लोकलमध्ये सव्वा तासाहून अधिक एका पायावर उभे राहणे, यांतले काहीच चार पावले पळून मिटत नाही. शरीर मात्र प्रत्येक वेळी साप पाहिल्यासारखीच तयारी करते, आणि ती तयारी उतरायच्या आत पुढची येते. कॅनडातले संशोधक हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखवले की, त्रास कोणत्याही प्रकारचा असो, थंडीचा, जखमेचा की विषाचा, शरीराचे उत्तर पुष्कळसे एकाच तऱ्हेचे असते. पहिल्यांदा धोक्याची घंटा वाजते, मग शरीर नेटाने तोंड देते, आणि त्रास लांबला तर शेवटी ते थकून जाते. यंत्रशास्त्रातला ताण हा शब्द माणसाच्या शरीराला लावण्याची चाल पडली ती मुख्यतः त्यांच्याचमुळे.

आता खुणा सांगते. हव्या तर वहीत उतरून घ्या.

शरीराच्या खुणा : रात्री झोप लागत नाही, किंवा दोन-तीन वाजता जाग येते आणि मग डोळा लागत नाही. मान आणि खांदे आखडतात. दात आवळले जातात. डोके दुखते, पोट बिघडते, भूक जाते किंवा उगाच वाढते.

मनाच्या खुणा : क्षुल्लक गोष्टीवरून चीड येते. हातातली वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही. एकच विचार घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो.

वागण्याच्या खुणा : चहाचे कप वाढतात, तंबाखूची चिमूट मोठी होते, एरवी सणासुदीला घेणारा रोज घेऊ लागतो. माणसे नकोशी होतात. आणि बोलणे तुटक होते. ही शेवटची खूण माझ्या मते सर्वांत विश्वासाची. आपला आवाज कधी चढू लागला आहे हे घरातल्या लहान मुलाला आपल्या आधी कळते. त्याचा चेहरा पाहावा.

शिक्षक बंधू-भगिनींसाठी मुलांच्या खुणा वेगळ्या सांगायला हव्यात. मूल ‘मला ताण आहे’ असे सांगत नाही. ते सांगते, ‘पोटात दुखतंय.’ शाळेच्या दिवशी सकाळी दुखते आणि रविवारी दुखत नाही, असे असेल तर नीट लक्ष द्यावे. बोलके मूल गप्प होते, शांत मूल मारामाऱ्या करू लागते, मोठे झालेले मूल पुन्हा अंथरूण ओले करते, नखे खाते, वर्गात झोपते. अशा वेळी मुलाच्या खोडीची चौकशी करण्याआधी त्याच्या रात्रीची चौकशी करावी. ‘काल झोप झाली का? सकाळी काही खाल्लंस का?’ या दोन प्रश्नांना अर्धे मिनिट लागते. त्या प्रसंगानंतर निवृत्त होईपर्यंत माझा रोजचा वर्ग या दोन प्रश्नांनीच सुरू झाला.

आता उतारा. ताणाला रामबाण औषध नाही, पण दोरी सैल करण्याचे साधे मार्ग आहेत, आणि ते फुकट आहेत.

पहिला मार्ग, शरीराला त्याची पळापळ पुरी करू द्यावी. त्याने धावायची तयारी केली आहे, तर त्याला चालवावे. रोज अर्धा तास भराभर चालावे. आमच्या पनवेलात वडाळे तलावाच्या काठी सकाळ-संध्याकाळ चालणारी माणसे दिसतात. गावात राहणाऱ्याला तर बांध आहे, रस्ता आहे. शेतात राबणारा म्हणेल, माझे अंग रोजच मोडते, मला चालणे कशाला? त्याला चालणे नको, त्याला विसावा हवा. ज्याचे अंग बसून आखडले त्याने चालावे, ज्याचे राबून आखडले त्याने थोडे निवांत बसावे.

दुसरा मार्ग श्वासाचा. ताण आला की श्वास उथळ आणि जलद होतो. हृदयाचे ठोके आपल्याला हुकमाने कमी करता येत नाहीत, पण श्वास हुकमाने सावकाश करता येतो, आणि मग ठोकेही त्याच्यामागून येतात. ताठ पण सैल बसावे. मनात चार आकडे म्हणत श्वास घ्यावा, सहा आकडे म्हणत सोडावा. पाच मिनिटे पुरे. चक्कर आल्यासारखे वाटले तर थांबावे. बाहेर सोडलेला श्वास लांबला की शरीराला निरोप जातो की साप गेला. आमच्या पनवेलहून बोरघाट चढून गेले की लोणावळा लागते. तिथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले आणि प्राणायामादी क्रिया प्रयोगशाळेत तपासून पाहण्याचे काम आरंभले. तेव्हा ही काही ऐकीव गोष्ट नव्हे.

तिसरा मार्ग सुपाचा. बायाबापड्यांना तो चांगला ठाऊक आहे. आपण तांदूळ पाखडतो तशा काळज्या पाखडाव्यात. रात्री निजण्यापूर्वी एका कागदावर मनात येईल ती काळजी लिहावी. लिहिता येत नसेल तर बोटांवर मोजावी. मग एकेक घेऊन विचारावे, यात उद्या माझ्या हाताने काही होण्यासारखे आहे का? असेल तर ती तांदळाच्या बाजूला, आणि उद्या काय करायचे ते एका ओळीत तिच्यापुढे. नसेल तर ती फोलकटाच्या बाजूला. मुलाच्या परीक्षेचा निकाल माझ्या हाती नाही. त्याला पहाटे उठवून कपभर दूध देणे माझ्या हाती आहे. फोलकट लगेच उडून जाईल असे नाही. पण दाणे किती आणि फोलकट किती हे कळले तरी छातीवरचा दगड हलतो.

चौथा मार्ग बोलण्याचा. मनातले एका तरी माणसाला सांगावे. सल्ला हवाच असे नाही, ऐकणारे हवे. आणि ऐकणाऱ्याने लगेच ‘त्यात काय एवढं, आमच्या वेळी तर...’ असे सुरू करू नये. नुसते ‘बरं, मग?’ म्हणावे. नव्या वसाहतींत ओटे राहिले नसतील, तर जिन्यात बसा, मंदिराच्या कट्ट्यावर बसा, पण बसा.

येथे एक इशारा. सगळाच ताण श्वासाने आणि चालण्याने जाणारा नसतो. काही ताणांची कारणे आपल्या बाहेर असतात. तिथे माणसाला ‘मन शांत ठेव’ असे सांगणे म्हणजे गळक्या छपराखाली निजलेल्याला कूस बदल म्हणण्यासारखे आहे. आमच्याच भागाचा इतिहास पाहा. जमिनी गेल्या तेव्हा घरोघरी जो घोर लागला तो एकेकट्याने सोसून संपणारा नव्हता. दि. बा. पाटलांसारख्या नेत्यांच्या मागे लोक एकत्र आले. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात जासईच्या बाजूला पाच जणांचे प्राण गेले. ती किंमत फार मोठी होती. पण पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले, ते लोकांनी आपला घोर एकत्र येऊन मांडला म्हणून. तेव्हा शाळेत कामाचा बोजा पाच शिक्षकांना जड होत असेल, तर पाचांनी मिळून तो सभ्यपणे, कागदावर, वरिष्ठांपुढे मांडावा. घरात एकाच सुनेवर सगळे पडत असेल, तर कामे वाटून घ्यावीत. प्राणायामाचा सल्ला तिला त्यानंतर द्यावा.

आणि शेवटचा मार्ग डॉक्टरांचा. झोप, भूक आणि कामातले लक्ष दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेले राहिले, सतत उदास वाटू लागले, दारूवाचून चालेनासे झाले, तर डॉक्टरांकडे जावे. छातीत दुखले तर ‘ताण असेल’ म्हणून घरी बसू नये, तडक दवाखाना गाठावा. आणि जगणे नको असा विचार एकदा जरी मनात आला, किंवा घरातल्या कोणी तसे बोलून दाखवले, तर ते थट्टेवारी नेऊ नये. त्या माणसाला एकटे सोडू नये. सरकारची ‘टेली मानस’ नावाची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. दिवसरात्र, विनामूल्य, आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवावा. मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येकाचा हक्क आहे. ताप आल्यावर आपण डॉक्टरांकडे जातो त्यात लाज वाटत नाही, मग इथे का वाटावी?

माझी गोष्ट अर्धी राहिली. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वर्गासमोर त्या मुलाला म्हटले, ‘काल माझं चुकलं. मी दमले होते, तो राग तुझ्यावर काढला.’ तो काही बोलला नाही. मान हलवून जागेवर जाऊन बसला. मला वाटले होते तितके हलके मला वाटले नाही. तुटलेले शब्द माफीने पुरते सांधत नाहीत. पण दुपारी खिचडीच्या रांगेत त्याने बहिणीची ताटली स्वतःच्या हातात धरली होती, एवढे मी पाहिले.

तेव्हा श्रोतेहो, आज रात्री फार काही करू नका. घरातल्या सर्वांत लहान माणसाशी दिवसभरात आपण कोणत्या आवाजात बोललो, तेवढे एकदा आठवून पाहा. तो आवाज आपलाच होता, की दुसऱ्या कोणाचा आपल्यातून बोलत होता? उत्तर मिळाले तर निम्मे काम झाले. उरलेल्या निम्म्यासाठी उद्याची सकाळ आहेच.